गाडी नकार देते तेव्हा: खान्देशात हायब्रिड आणि ईव्ही वापरण्याची रीत

नवी गाडी दारात येते, नारळ फुटतो, आणि महिनाभरात तक्रारी सुरू होतात. रात्री लावलेलं चार्जिंग पहाटे बंद दिसतं, घाटात ब्रेक वेगळाच लागतो, ॲपवर गाडी सापडत नाही, एखाद्या सकाळी दारच उघडत नाही. बहुतेक वेळा काहीच मोडलेलं नसतं. गाडीतल्या संगणकाला काहीतरी खटकलेलं असतं आणि त्याने काम नाकारलेलं असतं. जुन्या डिझेल जीपला घराचं अर्थिंग कसं आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. या गाड्यांना आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पट्ट्यात त्यांना खटकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: ऊन, वीज, घाट आणि सातपुड्याच्या कडेला गळणारं नेटवर्क.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते पाहा. ‘हायब्रिड’ हा बिल्ला चारचौघांत मिरवायला चांगला, पण त्याने काहीच कळत नाही. माइल्ड हायब्रिडमध्ये ४८ व्होल्टची (काही गाड्यांत १२ व्होल्टची) छोटी मोटर इंजिनाला फक्त हात लावते. ती साध्या पेट्रोल-डिझेल गाडीसारखीच चालवायची, वेगळं काही शिकायला नको. इनोव्हा हायक्रॉस, कॅमरी, लेक्सस ईएस किंवा होंडा सिटी ई:एचईव्ही या स्ट्राँग हायब्रिड. त्यांना प्लग नसतो, बॅटरी फार तर दीड युनिटची असते आणि ती इंजिन व ब्रेकवरच भरते. प्लग-इन हायब्रिडला प्लगही असतो आणि पेट्रोलची टाकीही. आणि पूर्ण ईव्ही, जिला फक्त प्लग. या लेखात ‘युनिट’ म्हणजे विजेच्या बिलावरचं तेच युनिट, एक किलोवॉट-तास.

हायब्रिड चालवताना

डिझेलची सवय असलेला माणूस हायब्रिड उलटी चालवतो. डिझेलला हायवेवर मायलेज मिळतं, स्ट्राँग हायब्रिडला गावात, कारण तिथे ब्रेकमधून वीज परत येते. हायक्रॉसचा एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटर आहे. धुळे-शिरपूर रस्त्यावर ११० च्या वेगाने तो मागू नका. त्या वेगात मोटरला कामच उरत नाही, सगळं ओझं इंजिनावर येतं. ८०-९० च्या दरम्यान गाडी पुन्हा पुन्हा इंजिन बंद करते, तिथे फायदा दिसतो.

मीटरवर चार्ज, इको आणि पॉवर असे तीन भाग दिसतात. वेग घ्यायचा तेव्हा रेंगाळू नका, इकोच्या वरच्या टोकापर्यंत सुई जाऊ द्या, मग पाय हलका करा. इंजिन बंद पडतं आणि गाडी मोटरवर तरंगत राहते. ब्रेक लांबून आणि हलका दाबा. सुई चार्जच्या भागात असेपर्यंत मोटर गाडी थांबवत असते आणि वीज साठते. पाय जोरात पडला की चाकाचे पॅड धरतात आणि तीच वीज उष्णता होऊन उडून जाते. ईव्ही बटण मुद्दाम दाबून बॅटरी रिकामी करण्यात बचत नाही, कारण पुढे तीच बॅटरी पेट्रोल जाळून भरावी लागते. बंगल्याच्या आवारात गाडी मागेपुढे करायला ते बटण ठीक.

रेल्वे फाटकावर किंवा टोलच्या रांगेत न्यूट्रल टाकायची सवय इथे हमखास त्रास देते. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला इंजिन बॅटरी भरत नाही आणि एसी मात्र बॅटरी खात राहतो. वीस मिनिटं मालगाड्या गेल्या की बॅटरी तळाला. थांबायचं असेल तर पी टाका. लागेल तेव्हा इंजिन आपोआप सुरू होऊन बॅटरी भरतं.

घाटाचा हिशोब वेगळा. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना किंवा अजिंठ्याचा घाट फर्दापूरकडे उतरताना स्ट्राँग हायब्रिडची छोटी बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. मग मोटर ब्रेकला मदत करणं सोडते आणि पायाखाली ब्रेक अचानक वेगळा लागतो. म्हणून उताराच्या तोंडाशीच गिअर बी मध्ये, म्हणजे इंजिनाने गाडी रोखण्याच्या जागी, घ्या. जादा ताकद इंजिन फिरवण्यात खर्च होते. इंजिनाचा आवाज चढेल, त्याने घाबरू नका, तो पेट्रोल जळल्याचा आवाज नाही. सपाटीला लागलं की परत डी. रोज बी मध्ये चालवणाऱ्याचं मायलेज घटतं.

आता खास आपल्याकडची गोष्ट. हायब्रिडची मोठी बॅटरी बऱ्याच मॉडेलांत केबिनमधली हवा ओढून थंड होते. त्यासाठी मागच्या सीटच्या बाजूला किंवा सीटखाली एक जाळी असते; नेमकी जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. या जाळीमागच्या फिल्टरवर धूळ बसते आणि कापसाच्या हंगामात तंतूही बसतात. शेतात ये-जा असेल किंवा जिनिंगच्या आवारात गाडी उभी राहत असेल तर ५,००० किलोमीटरला एकदा फिल्टर काढून मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा. पाणी मारू नका, कॉम्प्रेसरची हवा जाळीतून आत मारू नका. घाण बॅटरीच्या सेलमध्ये जाऊन बसते. जाळीसमोर पिशव्या, गोधड्या, केळीची खोकी ठेवू नका. बॅटरी कूलिंगचा इशारा मीटरवर आला तर पहिल्यांदा इथे पाहायचं. इशारा अंगावर काढत मे महिना काढला तर खर्च बॅटरीवर जातो.

प्लग-इन हायब्रिडवाल्यांसाठी एवढंच: भरलेली बॅटरी हायवेवर उधळू नका. निघताना होल्ड किंवा सेव्ह मोड लावा आणि ती वीज पोचल्यावर गावातल्या गर्दीत वापरा. आणि महिनोन्‌महिने फक्त विजेवर फिरत असाल तर टाकी काठोकाठ भरून ठेवू नका. थोडं पेट्रोल ठेवा, अधूनमधून इंजिन गरम होईपर्यंत चालवा.

घरचं चार्जिंग: गाडीपेक्षा घराकडे पाहा

प्रीमियम ईव्हीसोबत भिंतीवर लावायचा ७.२ किंवा ११ किलोवॉटचा चार्जर येतो. ७.२ चा सिंगल फेजवर ३२ अँपिअर ओढतो. ११ च्या चार्जरला थ्री फेज जोडणी लागते. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई चं उदाहरण घेऊ, बॅटरी ७९ युनिटांची. २० टक्क्यांवरून ८० पर्यंत न्यायला गाडीत ४७ युनिटं गेली पाहिजेत, आणि वाटेतली गळती धरून मीटरवर ५२-५३ पडतील. ७.२ च्या चार्जरला सुमारे सव्वासात तास. हेच पंधरा अँपिअरच्या पॉवर प्लगवरून सोबतच्या छोट्या चार्जरने, अडीच किलोवॉटने केलं, तर वीस तासांच्या आसपास. रोजच्या चाळीस किलोमीटरला तो प्लग पुरतो. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री पुरत नाही.

काम वायरमनला सांगताना हे आकडे तोंडपाठ ठेवा:

१. महावितरणकडे मंजूर भार तपासा. तो बिलावर छापलेला असतो. दीड टनाचा एसी, गिझर आणि त्यावर सव्वासात किलोवॉट, एवढं जुन्या तीन किलोवॉटच्या मंजुरीत बसत नाही. भार वाढवून घ्या किंवा ईव्हीसाठी वेगळं मीटर मागा. वेगळ्या मीटरचा दुसरा फायदा असा की घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर चढतात. गाडीची दोन-अडीचशे युनिटं त्याच मीटरवर पडली की ती वरच्या टप्प्याच्या दराने मोजली जातात.

२. मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र लाइन. २५-३० मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटर तांबं, त्यापुढे १०. तीस मीटरवर ३२ अँपिअरला ६ च्या वायरीत सहा-सात व्होल्ट पडतात, १० मध्ये चारच्या आत. मध्ये जोड नको, ॲल्युमिनियम नको.

३. ४० अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). वायरमनकडे बहुतेकदा टाइप एसी असतो, तो साध्या घरासाठी. ईव्हीच्या चार्जरला चालत नाही. चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे का ते त्याच्या कागदावर पाहा. नसेल तर टाइप बी लावावा लागतो. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हासाठी सर्ज प्रोटेक्टरही त्याच पेटीत बसवा.

४. अर्थिंग.

चौथा मुद्दा एका ओळीत संपत नाही. तापीकाठच्या काळ्या मातीची जात अशी की पावसाळ्यात चिखल आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. माती आकसली की अर्थिंगच्या पाइपाला सोडून बसते आणि अर्थचा रोध वाढतो. हिवाळ्यात तपासणी पास झालेला चार्जर मेमध्ये ‘ग्राउंड फॉल्ट’ दाखवून बसतो, आणि मालक शोरूमशी भांडत राहतो. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत रोध हवा, आणि तो उन्हाळ्यात मोजा. घरच्या मल्टिमीटरवरही अंदाज येतो: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे दिसले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पाचच्या वर गेलं तर चार्जरला हात लावण्याआधी खड्ड्याकडे जा. सरळ मार्ग म्हणजे बेंटोनाइट भरलेला केमिकल अर्थिंगचा खड्डा, तीन मीटर खोल, शक्यतो नळाच्या सांडपाण्याच्या बाजूला. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर त्यात उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. मीठ पाइपही खातं, म्हणून चार-पाच वर्षांनी तो उघडून पाहावा लागतो.

इन्व्हर्टरवर किंवा छोट्या जनरेटरवर गाडी चार्ज का होत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. त्यांचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो. चार्जरला तो अधांतरी दिसतो आणि तो सुरूच होत नाही. अर्थची पिन काढून चार्ज करून देणारा कोणी जाणकार भेटेल. त्याला घरी पाठवा. ओल्या अंगणात गाडीच्या पत्र्याला हात लावणारं लहान मूल त्याच्या हिशोबात नसतं.

व्होल्टेजचं गाऱ्हाणं खेड्यात जास्त. संध्याकाळी सात ते दहा गावठाण फिडरवर पंखे, कूलर, मिक्सर सगळं सुरू असतं. व्होल्टेज १९० च्या खाली उतरू लागलं की बरेच चार्जर थांबतात. तीन उपाय, याच क्रमाने. वेळ रात्री अकराच्या पुढे ढकला. ॲपमधून चार्जरचा करंट ३२ वरून १६ अँपिअरवर आणा. वेग निम्मा होतो, पण तारेतली पडझडही निम्मी होते आणि चार्जिंग अखंड चालतं. तरीही थांबत असेल तर चार्जिंग सुरू असताना मीटरपाशी आणि चार्जरपाशी असं दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. दोन्हींत आठ-दहाचा फरक असेल तर दोष तुमच्या वायरीत. मीटरपाशीच वीस-पंचवीस पडत असेल तर दोष खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीत किंवा डीपीत. मग लाइनमनकडून कमी भाराच्या फेजवर जोडणी बदलून घेण्यासाठी अर्ज करायचा.

वेळापत्रकाची एक गंमत. गाडीतही रात्री अकराची वेळ लावलेली आणि चार्जरच्या ॲपमध्येही, अशा घरात सकाळी बॅटरी जशीच्या तशी असते. चार्जर अकराला जागा होतो, गाडीचं घड्याळ दोन मिनिटं मागे असतं, चार्जर वाट पाहून पुन्हा झोपतो. वेळ एकाच ठिकाणी लावा, दुसरीकडे ‘लगेच सुरू’. लाईट जाऊन आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंगही चार्जरमध्ये तपासा; काहींत ती बंद करूनच येते.

शेतातल्या मोटरच्या जोडणीवरून गाडी भरू नका. थ्री फेज हाताशी आहे आणि बिल नगण्य, हे खरं. पण मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये येतो आणि आकारणी दंडाच्या दराने होते. शिवाय शेती फिडरवरचा एखादा फेज रोज जातो-येतो. गाडीचा चार्जर त्या झटक्यांसाठी बनवलेला नाही.

छतावर सोलर असेल तर हिशोब सोपा: एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटं. पीएम सूर्यघर योजनेचं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान तीन किलोवॉटपर्यंत मिळतं. म्हणजे दिवसाला बारा युनिटं, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरची धाव. पॅनल तापलं की त्याचं उत्पादन घटतं, त्यामुळे मेच्या कडक उन्हात अपेक्षेपेक्षा थोडं कमीच दिसेल. पॅनल बिघडलेलं नसतं.

ऊन आणि बॅटरी

भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये ४५ च्या पुढे जातो. बॅटरीचं पातळ द्रव्याने थंड करणारं यंत्र असतंच, पण ते एसीच्याच कॉम्प्रेसरवर चालतं. केबिन आणि बॅटरी दोन्ही एकदम थंडावा मागतात तेव्हा डीसी, म्हणजे जलद, चार्जिंगचा वेग गाडी स्वतःहून कमी करते. ९ई ला कंपनी १७५ किलोवॉटच्या चार्जरवर २० ते ८० टक्के वीस मिनिटांत सांगते. १२० ने पळून, दुपारी दोन वाजता, ६० किलोवॉटच्या चार्जरवर गाडी लावली की पाऊण तासापेक्षा जास्त धरा: ४७ युनिटं भागिले ६० हा हिशोबच तेवढा होतो, आणि ऊन त्यात भर घालतं. ह्युंदाईच्या आयोनिक ५ सारख्या ८०० व्होल्टच्या गाडीलाही मर्यादा चार्जरचीच पडते. पाटीवरचे मोठे आकडे तिला ३५० किलोवॉटचा चार्जर मिळाला तर लागू.

लांबच्या वाटेला पहाटे निघा हा आजोबांचा सल्ला ईव्हीला तंतोतंत लागू पडतो.

बॅटरीचं रसायन कागदावर पाहून घ्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल, जशी महिंद्राच्या या गाड्या, हॅरिअर ईव्ही, बीवायडी सील यांत असते, तर आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा. नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो आणि २० वरून एकदम ८ दिसतं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० वर थांबा, शंभर फक्त प्रवासाच्या दिवशी आणि निघायच्या जरा आधी पूर्ण होईल असं. लग्नसराईत किंवा परदेशी जाताना गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर दोन्ही जातींना ५० टक्के बरे, सावलीत. भर उन्हात १०० टक्क्यांवर महिनाभर उभी राहिलेली बॅटरी म्हातारी होते.

एसीचा खर्च किलोमीटरवर नव्हे, तासावर मोजा. तापलेली गाडी गार करताना पहिली दहा मिनिटं तीन-चार किलोवॉट, मग दीडच्या आसपास. गावात ३० च्या वेगाने तो शंभर किलोमीटरला पाच युनिटं खातो, हायवेवर ९० ला पावणेदोन. म्हणून मेमध्ये गावातली रेंज जास्त घसरते. प्लग लावलेला असतानाच ॲपवरून निघण्याआधी दहा मिनिटं एसी सुरू करा: पहिल्या दहा मिनिटांचा मोठा खर्च बॅटरीऐवजी भिंतीवरून होतो.

टायरची हवा सकाळी थंड चाकाला भरा. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय वाढतो, पळाल्यावर अजून चार-पाच. दुपारी ४० दिसलं म्हणून हवा सोडणारा सकाळी कमी हवेवर निघतो, आणि दोन-सव्वादोन टनांच्या गाडीत टायर फुटण्याचं ते मोठं कारण आहे. बऱ्याच प्रीमियम गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त सीलंटचा डबा आणि पंप. डब्याची मुदत संपते, ती आज बघा.

लांबचा पल्ला

जळगावहून धुळे, मालेगाव करत नाशिक अडीचशे किलोमीटर. ९०-१०० ने, एसीसकट, शंभराला १८ युनिटं धरली तर ४५. ७९ च्या बॅटरीत एका भरण्यात होतं. पण जून-जुलैत पश्चिमेला निघाल तर वारा धरा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. १०० च्या वेगात समोरून २५ चा वारा असेल तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. परतीला तोच वारा पाठीशी असतो. जाताना २० टक्के जादा राखीव, येताना तेवढी गरज नाही.

चढाचाही साधा हिशोब आहे: गाडीच्या दर टनाला, दर हजार मीटर चढाला २.७ युनिटं. शहाद्यापासून तोरणमाळ साधारण हजार मीटर उंच, गाडी माणसांसकट २.४ टन, सपाटीच्या खर्चावर साडेसहा युनिटं, मोटरमधली गळती धरून सातच्या वर. उतरताना त्यातली अर्ध्याहून जास्त परत येतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. वर मुक्कामाला जाऊन १०० टक्के भरलेली गाडी उतारावर काहीही साठवू शकत नाही आणि सगळा भार पॅडवर पडतो. ८० टक्क्यांवर उतरा. आणि वर चार्जर मिळेलच असं गृहीत धरून शहादा सोडू नका. धडगाव, अक्कलकुव्याकडेही हेच.

धुळ्याला सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे थांबा बहुतेक तिथेच पडतो. चार्जर निवडताना ॲपमध्ये किती किलोवॉट यापेक्षा तो शेवटचा कधी वापरला गेला ते पाहा. तीन दिवसांत कोणी वापरला नसेल तर तो बंद असण्याची शक्यता धरा. १५-२० टक्क्यांवर पोचा, ८० वर निघा. त्यापुढचा वेग एवढा पडतो की शेवटचे वीस टक्के भरायच्या वेळात पुढचं गाव गाठलेलं असतं. दोन बंदुकांच्या (गाडीत खुपसायच्या प्लगांच्या) चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की ताकद वाटली जाते, ६० चे ३०-३०. सीसीएस-२ ची, म्हणजे जलद चार्जरची, बंदूक जड असते. लावताना हाताने खालून आधार देऊन ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. ती लोंबकळली की पिना नीट टेकत नाहीत, तापतात आणि दोन मिनिटांत चार्जिंग तुटतं. उन्हात तापलेल्या बंदुकीवर ओलं फडकं गुंडाळण्याचा प्रकार करू नका. बंदूक अडकली तर आधी ॲपवरून चार्जिंग थांबवा, गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा. नाहीच निघाली तर डिकीत किंवा बोनेटखाली हाताने ओढायची दोरी असते. ती कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.

पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर बॅटरी वॉटरप्रूफ आहे या भरवशावर गाडी घालू नका. बॅटरी टिकते, वाहून जाणं आणि सॉकेटमधला गाळ हे वेगळे धोके. गाडी पाण्यात बसली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, नारिंगी वायरींना हात लावू नका.

थंडीतला एक सुखाचा उपयोगही आहे. आयोनिक ५ बाहेर ३.६ किलोवॉट वीज देते. शेतावर भरीत पार्टीला दिवे, मिक्सर, स्पीकर आरामात चालतात. वांगी मात्र कपाशीच्या काड्यांवरच भाजा. विहिरीवरची मोटर लावून पाहू नका: एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॉट वाटतं, पण सुरू होताना ती पाच-सहा पट ओढते आणि गाडी तात्काळ वीज तोडते.

ॲप, नेटवर्क, कॅमेरे

गाडीच्या आत ई-सिम असतं आणि ॲप त्याच्याशी सर्व्हरमार्फत बोलतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा सातपुड्याच्या दरीत ‘गाडी ऑफलाइन’ दिसणं स्वाभाविक आहे. धोका फोनलाच किल्ली बनवणाऱ्यांना आहे. इंटरनेटवर चालणारी किल्ली नेटवर्कशिवाय उघडत नाही. ब्लूटूथ किंवा एनएफसीची उघडते, पण फोन उन्हात तापून बंद पडला तर तीही नाही. कार्ड किंवा खरी किल्ली पाकिटात ठेवाच. चार्जिंग कंपन्यांच्या ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवा, आरएफआयडी कार्ड मिळत असेल तर घ्या; रेंज नसलेल्या ठिकाणी यूपीआयचं चक्र फिरतच राहतं. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

सॉफ्टवेअर अपडेट रात्री, घरच्या वायफायवर, बॅटरी निम्म्याहून जास्त असताना. अर्धा-पाऊण तास गाडी चालत नाही, त्यामुळे वऱ्हाड निघायच्या सकाळी ‘आता इन्स्टॉल करा’ दाबू नका. अपडेटनंतर चार्जिंगची मर्यादा, ड्राइव्ह मोड आणि ब्रेक रीजनची (ब्रेकमधून वीज परत घेण्याची) पातळी पुन्हा तपासा, कधीकधी त्या मूळच्या जागी जातात.

ॲडासबद्दल, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या कॅमेरा-रडारच्या सोयींबद्दल, स्पष्ट बोललेलं बरं. आपोआप ब्रेक लावणारी सोय चालू ठेवा. लेन धरून ठेवणारी सोय मात्र पट्टे पुसलेल्या राज्यमार्गावर बंद करा, ती डांबराच्या जोडाला पट्टा समजते. ॲडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या चालत्या गाडीमागे चांगला राहतो. अंधारात उभी असलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली तो वेळेत धरेल यावर जीव टांगू नका. उभ्या वस्तू रडारला गाळाव्या लागतात, नाहीतर तो प्रत्येक पाटीला ब्रेक मारील. सावदा-रावेरच्या केळीच्या रस्त्यावर रात्री क्रूझ नकोच. पुढच्या लोगोमागचं रडार आणि काचेवरचा कॅमेरा धुळीने झाकला की इशारा येतो. ओल्या मऊ कापडाने पुसा.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी

एवढ्या मोठ्या बॅटरीच्या गाडीला आडवी पाडणारी वस्तू ही छोटी. दारं, संगणक, मोठ्या बॅटरीचा स्विच सगळं तिच्यावर. उष्णतेत ती लवकर मरते, आणि पार्किंगमध्ये चालणारा डॅशकॅम आणि दर तासाला ॲप उघडून गाडी बघण्याची हौस तिला रिकामी करतात. उभ्या गाडीत मीटरने १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. हायब्रिड न वापरता उभी असेल तर आठवड्याला अर्धा तास रेडी मध्ये, पी वर ठेवा. नुसतं ॲक्सेसरीवर रेडिओ लावून बसलात तर उलट रिकामी होईल.

ती मेली की रिमोट चालत नाही. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढा, दाराच्या मुठीवरचं टोपण उघडा, आत भोक असतं. बॅटरी डिकीत असून डिकी उघडत नसेल तर बोनेटखाली जम्पसाठी वेगळं टर्मिनल शोधा. दुसऱ्या गाडीवरून जम्प घेता येतो, करंट फार लागत नाही. पण तुमच्या हायब्रिड-ईव्हीवरून दुसऱ्याच्या ट्रकला जम्प देऊ नका. स्टार्टरचा झटका तिच्या कन्व्हर्टरला सोसत नाही.

बंद गाडी दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढायची नाही. चाकं फिरली की मोटर जनरेटर होते आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. चारही चाकं वर, फ्लॅटबेडवरच. प्रीमियम ब्रँडचं वर्कशॉप इथून नाशिक, संभाजीनगर, सुरत किंवा इंदूरला असू शकतं, म्हणून विमा आणि रोडसाइड असिस्टन्सच्या कागदावर ‘फ्लॅटबेड’ हा शब्द आणि किती किलोमीटर मोफत हा आकडा दोन्ही वाचा. पन्नास लिहिलं असेल तर नंदुरबारहून सुरतेचं उरलेलं भाडं तुमच्या खिशातून जाईल.